काळोखाचं गाणं आवडतं कुणाला?

प्रश्न : डिपेश मोड या ब्रिटिश बँडचा 'ब्लॅक सेलिब्रेशन' हा अल्बम ऐकला. काही लोक त्याला रडका म्हणतात, काही डोक्यावर घेतात. खरं काय मानायचं? – एक वाचक, सांगली

उत्तर : दोन्ही बाजू जुन्याच आहेत. मार्च १९८६ मध्ये अल्बम आला, तेव्हा ब्रिटिश संगीत साप्ताहिकांतल्या काहींनी त्याच्या उदासपणाची टिंगल केली होती. ऐकणाऱ्यांनी मात्र तो ब्रिटनमध्ये चौथ्या क्रमांकावर नेला. अमेरिकेत तो नव्वदीच्या आसपासच घुटमळला, पण दोनच वर्षांनी, जून १९८८ मध्ये, याच मंडळींनी कॅलिफोर्नियातलं रोझ बोल स्टेडियम भरवलं. साठ हजारांवर माणसं! 'नाइन इंच नेल्स' या अमेरिकन रॉक बँडच्या ट्रेंट रेझनरने तर या अल्बमच्या दौऱ्याचा आपल्यावरचा प्रभाव उघडपणे मान्य केलाय.

माझं मत विचाराल तर याच अल्बममधलं 'स्ट्रिप्ड' हे गाणं हेडफोन लावून ऐका. सुरुवातीला मोटारसायकलच्या इंजिनाची घरघर आहे, मंद केलेली. त्यावरच गाणं उभं राहतं. शब्द कधीकधी शाळकरी वाटतात, हे टीकाकारांचं म्हणणं मला पटतं. तो आवाज मात्र शाळकरी नाही. आणि हो, मोबाइलच्या स्पीकरवर ऐकून मत बनवू नका, खालचे सूर त्यात गायबच होतात.