सोरपोतेल, कोलंबी आणि लेवीयचा 11वा अध्याय

प्रश्न: आम्ही वसईचे कॅथलिक. नवीन सून अ‍ॅडव्हेंटिस्ट घरातली (तोही एक ख्रिस्ती पंथच) आहे, डुक्कर, कोलंबी, खेकडा काहीच खात नाही. नाताळात घरी सोरपोतेल (डुकराच्या मांसाचं आंबट-तिखट कालवण) केलं तर तिने शांतपणे बायबलमधल्या लेवीय पुस्तकाचा 11वा अध्याय उघडून दाखवला, मला काही बोलताच आलं नाही. हे नियम देवाचेच ना, मग आपण का पाळत नाही? आणि ते बकरे-कबुतरं अर्पण करणं, ते कधी बंद झालं?

उत्तर: ताई, सुनेने वाचलंय ते बरोबरच आहे. खूर दुभंगलेला आणि रवंथ करणारा असेल तोच प्राणी चालेल, डुकराचा खूर दुभंगलेला पण रवंथ नाही म्हणून तो बाद, आणि पाण्यातलं पंख-खवले असलेलंच, म्हणजे आपली कोलंबी-चिंबोरी गेली. रायगडकडचे बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे यहुदी, आपल्याच कोकणात राहून खवल्यांचीच मासळी खात आले, ते याच नियमामुळे.

बरेच जण म्हणतात की तेव्हा फ्रीज नव्हते, रोग व्हायचे म्हणून हे नियम. मला ते पटत नाही. बायबलच्याच अनुवाद नावाच्या पुस्तकात, 14व्या अध्यायात, आपोआप मेलेलं जनावर तुम्ही खाऊ नका पण परक्याला द्या असं आहे, रोगाची भीती असती तर परक्याला कशाला दिलं असतं? कारण लेवीय स्वतःच सांगतं, मी पवित्र आहे म्हणून तुम्ही पवित्र व्हा. म्हणजे वेगळे राहा, रोजच्या ताटात सुद्धा तुम्ही कोणाचे आहात ते दिसू द्या. त्यासाठी लोकांनी जीव दिलाय हो, मक्काबीच्या दुसऱ्या पुस्तकात 90 वर्षांचा एलाजार डुकराचं मांस तोंडात कोंबलं तरी थुंकून टाकतो आणि मरण पत्करतो. म्हणून हे नियम "जुने झाले" असं पटकन म्हणायला माझी जीभ वळत नाही.

मग बदललं काय? बायबलच्या नव्या करारातलं प्रेषितांची कृत्ये 10 वाचा. यापो गावात येशूचा शिष्य पेत्र गच्चीवर प्रार्थनेला गेलेला, भूक लागलेली, आणि आकाशातून चादरीसारखं काहीतरी उतरतं, त्यात सगळी जनावरं, आणि देव म्हणतो मार आणि खा, तीनदा हेच होतं. पण गंमत बघा, पुढे पेत्र डुक्कर खातो असं कुठेच लिहिलेलं नाही, तो उठून कर्नेल्य नावाच्या रोमी शताधिपतीच्या घरी जातो, ज्याच्या उंबऱ्यात यहुदी माणूस पाय ठेवायचा नाही. ताटामुळे माणसं लांब राहत होती ती भिंत देवाने काढली, माझ्या मते मुद्दा हाच आहे.

सोरपोतेलात डुकराचं रक्त घालत असाल तर तुमची सून अजून एक गोष्ट विचारू शकते, यरुशलेमला भरलेल्या प्रेषितांच्या सभेत (कृत्ये 15) परराष्ट्रीय ख्रिस्ती लोकांना सुद्धा रक्त वर्ज्य सांगितलं होतं. ते खरंच आहे. पण ते यहुदी आणि इतर एका पंगतीत बसावेत म्हणून होतं असं आपलं चर्च मानतं, फ्लॉरेन्सच्या धर्मसभेने 1442 मध्ये तसं स्पष्ट सांगितलं. इथिओपियाचे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती मात्र आजही डुक्कर खात नाहीत, आणि म्हणून ते कमी ख्रिस्ती होत नाहीत.

बळींचं थोडक्यात. अर्पण एकाच ठिकाणी, यरुशलेमच्या मंदिरात करायचं होतं, ते मंदिर रोमी सैन्याने इ.स. 70 मध्ये पाडलं, तेव्हापासून यहुद्यांचंही थांबलं. आपल्यासाठी ख्रिस्ताने एकदाच स्वतःला दिलं, इब्री लोकांस पत्राचा 10वा अध्याय तेच सांगतो, म्हणून मिस्सात आपण देवाचं कोकरू म्हणतो. पण त्या नियमांतली एक गोष्ट मला फार आवडते, ज्याला कोकरू परवडत नाही त्याने दोन पारवे आणायचे आणि तेही जमत नसेल तर थोडं पीठ. मरियेने बाळ येशूला मंदिरात नेलं तेव्हा तिच्याकडून पक्ष्यांचीच जोडी दिली गेली, म्हणजे आपल्या प्रभूचं घर गरिबांच्या यादीतलं होतं.

आता तुमचं घर. सोरपोतेल करा, बिनधास्त करा, पण सुनेसाठी वेगळ्या टोपात रावसाचं कालवण ठेवा, डावही वेगळा. रोमकरांस पत्र 14 मध्ये पौल म्हणतो की खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये, आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोष देऊ नये. दुसरा भाग सुनेला आपोआप कळेल, पहिला तुम्ही सांभाळा, पाहुण्यांपैकी कोणी तिच्या ताटावरून काही बोललं तर त्याला तुम्हीच थांबवा.