वाचकांचे प्रश्न : ‘इंडियन एक्सप्रेस’ कोणाच्या बाजूचा?

प्रश्न : आमच्याकडे ‘इंडियन एक्सप्रेस’ येतो. सासरे म्हणतात, हा पहिल्यापासून जनसंघवाला. मुलगी म्हणते, मोदीविरोधी. खरं काय? (नौपाडा, ठाणे)

उत्तर : सासरे जुन्या मालकाकडे बघून बोलतात, मुलगी बहुधा सही असलेले लेख वाचून.

१९३२ साली मद्रासला वरदराजुलु नायडूंनी काढलेलं हे पत्र पुढं रामनाथ गोएंकांकडे आलं. गोएंका १९७१ मध्ये विदिशातून जनसंघाच्या (आजच्या भाजपचा पूर्वज पक्ष) तिकिटावर लोकसभेत गेले, तेव्हा सासऱ्यांच्या बोलण्याला आधार आहे. २८ जून १९७५ च्या दिल्लीच्या अंकात आणीबाणीतल्या सेन्सॉरशिपच्या निषेधार्थ अग्रलेखाची जागा कोरी सोडली होती. १९८१ मध्ये एक्सप्रेसच्या अरुण शौरींनी महाराष्ट्राचे काँग्रेसी मुख्यमंत्री अंतुल्यांच्या प्रतिष्ठानाच्या देणग्या उघड केल्या. जानेवारी १९८२ मध्ये अंतुल्यांना मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं. काँग्रेसशी वैर उघड होतं. पण १९९१ मध्ये गोएंका गेले, पुढं समूहाची वाटणी झाली. दक्षिणेतला ‘न्यू इंडियन एक्सप्रेस’ तेव्हापासून वेगळ्या मालकीचा आहे, आणि त्यातली मतं याच्या नावावर खपवण्याची चूक सर्रास होते.

आजचा कल आमच्या वाचनात असा : आर्थिक बाबतीत खुल्या बाजाराकडे, नागरी स्वातंत्र्याच्या प्रश्नावर सत्तेला, मग ती कोणाचीही असो, जाब विचारणारा.

पडताळा घरीच घ्या. सलग चौदा अंक ठेवा. केंद्राला अडचणीची एक आणि विरोधकांच्या एखाद्या राज्य सरकारला अडचणीची एक, अशा दोन बातम्या निवडा. प्रत्येकीची नोंद करा : पहिल्या दिवशी कितव्या पानावर, आरोप झालेल्याचं म्हणणं कितव्या परिच्छेदात, तिसऱ्या दिवशी पाठपुरावा आहे की बातमी विरली. पत्राची भूमिका फक्त बिनसहीच्या अग्रलेखात असते. सहीचे लेख बाजूला ठेवा. काँग्रेसचे चिदंबरम आणि भाजपचे राम माधव दोघेही तिथं लिहितात, मग त्यावरून पत्राची बाजू कशी ठरणार? व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र नेमके तेच लेख ‘एक्सप्रेस म्हणतो’ म्हणून फिरतात. पहिल्या पानावर गुंडाळलेली सरकारी जाहिरातही मोजू नका.

प्रश्न : अंकात महापेचा पत्ता का छापतात? (वाशी)

उत्तर : मुंबई आवृत्ती महापेच्या टीटीसी औद्योगिक वसाहतीत छापली जाते. मुद्रकाचं नाव आणि छपाईचं ठिकाण देणं १८६७ च्या कायद्यानं बंधनकारक होतं. १ मार्च २०२४ पासून त्याच्या जागी २०२३ चा नवा कायदा लागू आहे. बातम्यांच्या निवडीला जबाबदार संपादकाचं नावही याच छपाईच्या तपशिलात (प्रिंटलाइनमध्ये) असतं. तक्रारीचं पत्र त्यांच्या नावे लिहा, आणि अंकाची तारीख, पान व आवृत्ती नोंदवा. दिल्लीच्या अंकातली बातमी मुंबईच्या अंकात वेगळ्या मथळ्यानं येते, कधी येतही नाही.