सिंगल मदर आणि डेटिंग ॲप: सुरुवातीला एवढंच बघ

अगं, एवढी घाबरू नकोस, डिव्होर्स झाला म्हणून सोबत शोधायची नाही असं कुठे लिहिलंय? फक्त एकदम चार ॲप नको घेऊस, बंबल किंवा हिंज, एकच घे.

मूल आहे हे प्रोफाइलमध्येच टाक, दोन्हीकडे तो ऑप्शन आहे. बऱ्याच जणी "आधी ओळख होऊ दे मग सांगू" म्हणत लपवतात आणि मग जीव गुंतल्यावर समोरचा गायब झाला की फार लागतं मनाला. आधीच सांगितलंस तर ज्यांना नकोय ते आपोआप गळतात.

पण मुलाचा फोटो अजिबात नको. युनिफॉर्मवरचा शाळेचा बॅज, मागे सोसायटीच्या गेटवरची पाटी, एवढ्यावरून कुणीही दारापर्यंत पोचतं. शाळा-क्लासच्या वेळाही बोलण्याच्या ओघात सांगू नकोस. आणि जो तुझ्यापेक्षा मुलाचीच जास्त चौकशी करतो, त्याचे फोटो मागतो, त्याला सरळ ब्लॉक कर, कारण द्यायची काही गरज नाही.

भेटण्याआधी एक व्हिडिओ कॉल. पहिली भेट दिवसा, कॅफेत, स्वतःच्या गाडीने, मैत्रिणीला लाइव्ह लोकेशन पाठवून.

पैशाचा विषय निघाला, म्हणजे "गिफ्ट पाठवलंय, कस्टम्समध्ये अडकलंय" किंवा "ह्या ट्रेडिंग ॲपमध्ये टाक", की तिथेच थांब. गेलेच पैसे तर लाजत बसू नकोस, लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन कर.

मुलाशी ओळख कधी करून द्यायची, घरच्यांना काय सांगायचं, ते आत्ता डोक्यातच घेऊ नकोस. आधी प्रोफाइल लिही, अडलं तर विचार.