खिळा, पेचकस आणि टाचण्या

प्रश्न : प्रत्येकावर एकाच तारेचे शंभर वेढे गुंडाळले आणि तोच सेल जोडला. लोखंडी खिळ्याने बऱ्याच टाचण्या उचलल्या, ॲल्युमिनियमच्या सळईने एकही नाही. पेचकसाच्या दांडीने थोड्या उचलल्या, पण सेल काढल्यावरही त्या सुटेनात! असे का?

उत्तर : तुमचा पेचकस आता चुंबक झालाय, अभिनंदन. माझाही एक असाच झाला होता. पडलेले स्क्रू उचलायला बरा पडतो.

तारेतल्या प्रवाहाचे चुंबकत्व तसे दुबळेच. खरा जोर लोखंडाचा. त्यात अगणित सूक्ष्म चुंबकी प्रदेश असतात. एरवी त्यांची तोंडे दहा दिशांना, प्रवाह सुरू झाला की एका दिशेला. मऊ लोखंडात ते सहज वळतात आणि प्रवाह थांबताच बरेचसे विस्कटतात. पेचकसाच्या कडक पोलादात वळायला कुरकुरतात, पण वळले की अडून बसतात. ॲल्युमिनियममध्ये असे प्रदेशच नाहीत, म्हणजे वेढ्यांच्या आत गाभा नसल्यातच जमा.

मात्र वेढे वाढवत बसून जोर वाढतच जाईल असे नाही. सगळे प्रदेश वळून झाले, की लोखंड सुमारे 2 टेस्लाला (टेस्ला हे चुंबकी क्षेत्र मोजायचे एकक) संपृक्त होते, म्हणजे त्याचा जोर आणखी वाढत नाही. पुढे तार तापते, फायदा नाममात्र. त्यापेक्षा गाभा वाकवून नालासारखा करा, म्हणजे दोन्ही टोके एकाच वेळी ओढतील. 1825 मध्ये विल्यम स्टर्जन या इंग्रज संशोधकाने हेच केले. जेमतेम 200 ग्रॅमच्या नालाने सुमारे 4 किलो उचलले!