पुलाखालची माणसं निवाऱ्यात का जात नाहीत?

प्रश्न : ताई, आमच्या सोसायटीसमोरच्या फ्लायओव्हरखाली तीन-चार कुटुंबं राहतात. बायका गजरे ओवतात, पोरं सिग्नलला विकतात. कोणी तक्रार केली की अतिक्रमणवाली गाडी येऊन सामान उचलून नेते, पण थोड्या दिवसांत परत सगळे तिथेच. सरकारी निवारे असतात ना, मग हे लोक तिकडे का जात नाहीत? आमचा ग्रुप डिसेंबरमध्ये ब्लँकेट वाटणार आहे, अजून काय करता येईल?
– एक वाचक, मुंबई

उत्तर : निवारे असतात हो, पण किती? सुप्रीम कोर्टाने 2010 मध्येच सांगितलंय की मोठ्या शहरात दर एक लाख लोकांमागे एक, तोही चोवीस तास उघडा निवारा पाहिजे. 2011 च्या जनगणनेत मुंबई 1 कोटी 24 लाखांची होती, म्हणजे सव्वाशे निवारे झाले, आपण त्याच्या आसपासही नाही. त्याच जनगणनेत मुंबईत 57 हजारांवर बेघर मोजले गेले, आणि ही मोजणी एका रात्रीत उरकतात, त्यामुळे खरा आकडा मोठाच असणार.

जे निवारे आहेत त्यात अख्ख्या कुटुंबाची सोय फार थोडी. पुरुषांचा वेगळा, बायकांचा वेगळा, मुलांचा वेगळा, मग नवरा, बायको, सासू, पोरं यांनी काय चार ठिकाणी झोपायचं? बरं, समजा झोपले. गजरेवाली पहाटे दादरच्या फूल मार्केटला जाते, मोगरा घेऊन येते, दुपारभर ओवते आणि संध्याकाळी विकते, तिचं गिऱ्हाईक म्हणजे तुमच्याच रस्त्यावरून ऑफिसातून घरी जाणारे लोक, तिला उचलून शहराच्या दुसऱ्या टोकाला नेलं तर ती खाणार काय? 1985 च्या ओल्गा टेलिस केसमध्ये सुप्रीम कोर्टाने हेच मान्य केलं, की जगण्याच्या हक्कात रोजीरोटी येते. (तरी हटवायला नाही म्हटलं नाहीच, फक्त आधी नोटीस द्या आणि यंदाचा पावसाळा जाऊ द्या म्हणाले. असो.)

आता ती गाडी. तुम्हाला दिसतात गोधड्या नि पातेली, पण त्याच बोचक्यात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं आधार कार्ड असतं, रेशन कार्ड असतं, पोराचा जन्मदाखला असतो. ते गेलं की शाळा, रेशन, उद्या एखादी घराची योजना आली तर ती, सगळ्याची सुरुवात परत पहिल्यापासून. माझ्या मते निम्मं दुखणं इथेच आहे.

म्हणून ग्रुपने काही करायचंच असेल तर मतदार नोंदणी करून द्या. फॉर्म 6 मध्ये झोपायची जागा पत्ता म्हणून लिहिता येते. बीएलओने (म्हणजे मतदार यादीचं काम बघणाऱ्या स्थानिक अधिकाऱ्याने) रात्री येऊन, तेही एकापेक्षा जास्त वेळा, माणूस खरंच तिथे झोपतो का ते बघायचं असतं, त्याची खात्री पटली की पत्त्याचा वेगळा पुरावा लागत नाही. नियम आहे हा, पण बऱ्याच जणांना माहीतच नसतो, तेव्हा बरोबर जा, एकट्या बाईला खिडकीवरूनच परत पाठवतात.

आणि ब्लँकेटचं म्हणाल तर राहू द्या, मुंबईत थंडी पडते किती! दिल्लीच्या बातम्या बघून आपण इथे ब्लँकेट वाटतो. जूनच्या आधी चांगली जाड ताडपत्री द्या, मच्छरदाणी द्या, अंघोळ आणि संडासला रोज पैसे मोजावे लागतात त्याचं काही बघा.

हे लोक सुधारणार नाहीत असं कोणी म्हटलं तर त्यांना भायखळ्याच्या फुटपाथवरच्या बायकांचं सांगा. ऐंशीच्या दशकात त्यांनी 'महिला मिलन' सुरू केलं, रोजच्या कमाईतून थोडे थोडे पैसे बाजूला टाकले, आपल्या वस्तीची मोजणी करायला मदत केली, वर्षानुवर्षं सरकारच्या मागे लागल्या आणि त्यातल्या कितीतरी जणी मानखुर्दला मिलन नगरमध्ये स्वतःच्या घरात गेल्या. त्या गेल्या कारण जागा आणि घर कसं हवं हे त्यांना विचारलं होतं. तुम्ही तुमच्या गजरेवालीला कधी विचारलंय का?

प्रश्न : सिग्नलला पैसे द्यावेत की नाही?
– आणखी एक वाचक, ठाणे

उत्तर : तुमची मर्जी. फक्त एवढं लक्षात घ्या की आपल्याकडे 1959 चा भीक प्रतिबंधक कायदा अजून चालू आहे, त्यात मागणाऱ्याला पकडून भिक्षेकरी गृहात ठेवता येतं. दिल्लीत हायकोर्टाने त्यातली बरीच कलमं 2018 मध्ये रद्द केली, आपल्याकडे तसं झालेलं नाही. लहान मूल एकटं दिसलं तर 1098 ला फोन करा, म्हातारं माणूस असेल तर 14567 ला.