बॉल पायथनच्या डोळ्यावर राहिलेला कातीचा पापुद्रा चिमट्याने काढावा का?

आपण लिहिले आहे की आपल्या दोन वर्षांच्या बॉल पायथनची कात या वेळी अखंड न निघता तुकड्यातुकड्यांनी निघाली आणि डाव्या डोळ्यावर व शेपटीच्या टोकाला पापुद्रा तसाच राहिला आहे. डोळ्याला चिमटा लावू नये. शेपटीकडे मात्र याच आठवड्यात लक्ष द्यावे.

सापाला पापण्या नसतात. त्याच्या डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो आणि कातीबरोबर त्याचाही वरचा थर निघून येतो. हा थर ओढताना खालचा नवा खवला उचलला गेला, तर डोळा कायमचा जाऊ शकतो. त्याआधी पापुद्रा खरोखर राहिला आहे की नाही, याचीच खात्री करून घ्यावी. कातीचा डोक्याकडचा तुकडा सापडला असेल तर तो उजेडासमोर धरावा; डोळ्यांच्या जागी भिंगासारख्या दोन गोल चकत्या दिसल्या तर काळजीचे कारण नाही, आणि नुसते भोक दिसले तर त्या बाजूचा थर अडकला आहे असे समजावे. असा थर बहुतेक वेळा पुढच्या कातीबरोबर आपोआप निघतो.

मी सांगलीत राहतो आणि पाच वर्षांपासून हीच जात पाळतो. आपल्याकडे एप्रिलमध्ये हवा इतकी कोरडी होते की पश्चिम आफ्रिकेतल्या या सापाची कात सुटण्याऐवजी अंगालाच वाळते. पहिल्या उन्हाळ्यात माझ्या पेटीची जाळी पूर्ण उघडी होती, वर दिवा जळत होता आणि आर्द्रता ३८ टक्क्यांवर आली होती. पाठीवरचा एक वाळका तुकडा मी नखाने सोलला. खाली गुलाबी, ओलसर कातडे दिसले, पुढे तिथे खपली धरली, आणि त्या जागचे चार खवले आजही वाकडे आहेत. शेजारच्या काकूंनी खोबरेल तेल चोळायला सांगितले होते. तेवढे मी केले नाही, हे बरे झाले.

शेपटीसाठी एका मोठ्या डब्यात सुमारे ३० अंशांचे कोमट पाणी सापाच्या पाठीच्या निम्म्यापर्यंत घ्यावे, झाकणाला भोके ठेवावीत आणि त्याला वीस-पंचवीस मिनिटे त्यात ठेवून आपण समोरच बसावे. नंतर ओला पंचा हातात सैल धरून सापाला त्यातून स्वतःहून पुढे सरकू द्यावे. पापुद्रा मऊ झाला असेल तर उलट्या काढलेल्या मोज्यासारखा निघून येतो. न निघाल्यास दुसऱ्या दिवशी पुन्हा करावे, जोर लावू नये. शेपटीवर राहिलेले कडे आवळत जाते, रक्तपुरवठा थांबतो आणि टोक काळे पडून गळते, म्हणून येथे दिरंगाई चालत नाही.

पुढच्या वेळी डोळे निळसर दुधी झाले की आर्द्रता ६५ ते ७५ टक्क्यांपर्यंत न्यावी. जाळीचा बराचसा भाग झाकावा, झाकणाच्या डब्याला भोक पाडून त्यात पिळलेले ओले मॉस (शेवाळ) भरावे आणि आर्द्रतामापक छताजवळ न लावता साप बसतो त्या उंचीवर लावावा. डोळे पुन्हा स्वच्छ झाल्यावर काही दिवसांनी कात पडते. तोवर त्याला हाताळू नये आणि खाऊ घालण्याचा आग्रहही धरू नये. अंग घासायला एक खडबडीत दगड ठेवावा.

पाण्याच्या वाटीत मिरपुडीसारखे काळे ठिपके तरंगत असतील तर ते बहुधा गोचिडीसारखे बारीक परजीवी असतात, आणि अशा वेळी केवळ ओलावा वाढवून भागत नाही. तसे दिसल्यास, डोळा सुजल्यास किंवा दोन कातींनंतरही थर तसाच राहिल्यास पशुवैद्य गाठावा. साताऱ्याच्या बाजूला शिरवळला शासकीय पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. साप तपासतात का, हे आधी फोनवर विचारून मगच निघावे, आणि केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवरील सापाच्या नोंदणीची प्रत सोबत ठेवावी, कारण परदेशी असला तरी ही जात सायटीस या वन्यजीव-व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे.