सासूबाई रात्रीच का पडतात?

«मावशी, आम्ही मालवणजवळच्या एका वाडीत राहतो. सासूबाई ६७ वर्षांच्या. शुगर बारा-तेरा वर्षांची, मेटफॉर्मिनची गोळी चालू आहे. दिवसा सगळं करतात, नारळ सोलतात, मासे साफ करतात. पण तिन्हीसांज झाली की परड्यात जायला नको म्हणतात. दोन महिन्यांत तीनदा पडल्या, तिन्ही वेळा रात्री, त्यात एकदा लाइट गेलेली. 'पायाखाली कापूस पसरल्यासारखो वाटता' म्हणतात. चप्पल पायातून निघून मागे राहते, त्यांना पत्ता नसतो. सकाळी न्हाणीत तोंड धुताना भिंतीला हात लावून उभ्या राहतात. आमचे हे म्हणतात, 'दिसाक बरी चलता आणि रातचीच कशी पडता? नाटाक सगळा.' यंदा जत्रेला दशावतार बघायलाही आल्या नाहीत. त्यावरून भांडण झालं आणि मीही बोलून गेले, 'मुद्दाम करता की काय?' तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. मी काय खरं मानू?»

सूनबाई,

न्हाणीचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंत. मी मात्र तिथेच थांबले. तोंडावर पाणी मारताना माणूस डोळे मिटतो, आणि डोळे मिटले की तुमच्या सासूबाईंना भिंत लागते. काळोखात डोळे उघडे असून नसल्यासारखे. म्हणजे रात्री पडण्याचं आणि तोंड धुताना भिंत धरण्याचं कारण एकच. दिवसा तुमच्या सासूबाई डोळ्यांनी चालतात. परवा त्या खळ्यातून येतील तेव्हा नजर कुठे असते ते बघा. माझी पैज, स्वतःच्या पावलांवर असेल.

उभं राहायला माणसाला तीन ठिकाणांहून खबर लागते: डोळे, कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग, आणि पायाचे तळवे-घोटे-स्नायू. सांधा किती वाकलाय, स्नायू किती ताणलाय हे सांगणाऱ्या नसा वेगळ्या असतात. त्यांच्यामुळेच डोळे मिटूनही आपलं बोट नाकाला लागतं. पायांची खबर तुटली तरी डोळे आणि कान भागवून नेतात. डोळेही गेले, म्हणजे काळोख झाला, की एकट्या कानाला झेपत नाही. १९ व्या शतकात बर्लिनच्या रॉम्बर्ग नावाच्या डॉक्टरने पाठीच्या कण्याच्या रोग्यांत हे टिपून ठेवलं: पाय जुळवून उभे राहतात, डोळे मिटले की डोलू लागतात. आजही डॉक्टर ही तपासणी त्याच्याच नावाने करतात. तुम्ही घरी करून बघू नका, मागे धरायला कोणी नसेल तर चौथ्यांदा पडतील.

तुमच्या यजमानांना हे वाचून पटणार नाही. त्यांना विचारा, गणपतीत रात्रभर भजनाला मांडी घालून बसता आणि आरतीला उठायला जाता तेव्हा पायाचं काय होतं? पाय जागेवर असतो, ताकद असते, पण टेकला की नाही ते कळत नाही. खाली बघून ठेवावा लागतो, नाहीतर शेजारच्या मृदंगवाल्याच्या अंगावर जातो. दबलेली नस मोकळी झाली की मुंग्या येतात आणि पाय ताळ्यावर येतो. तुमच्या आईचा पाय ताळ्यावर येतच नाही, एवढाच फरक.

हे पायापासूनच का सुरू होतं? पायाच्या अंगठ्यातून निघालेला संवेदनेचा धागा कमरेच्या मणक्याजवळच्या एका पेशीचा असतो. एकच पेशी, आणि तिचा धागा जवळजवळ मीटरभर लांब. वाडीच्या नळपाणी योजनेत शेवटच्या घराला पाणी पोचत नाही ना, तसंच हे. रक्तात साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की सगळ्यांत लांबच्या नसांची टोकं आधी मरतात. बधिरपणा बोटांपासून मोजे चढवावेत तसा वर येतो, आणि गुडघ्यांपर्यंत पोचला की हातांच्या बोटांत मुंग्या सुरू होतात. त्यांना बोटांचं विचारून ठेवा.

वरच्या प्रवासात वाटाही दोन. सांध्यांची आणि बारीक स्पर्शाची खबर कण्याच्या मागच्या बाजूने त्याच अंगाने वर चढते आणि मेंदूच्या देठाशी पोचल्यावर पलीकडे जाते. दुखणं आणि भाजणं मात्र कण्यात शिरताच बाजू बदलतं. पहिल्या वाटेच्या नसा जाड, खबर सेकंदाला ५० मीटरहून वेगाने धावते. जळजळ नेणाऱ्या बारीक नसांचा वेग सेकंदाला साधारण एक मीटर. म्हणून तर पाखाडीवर ठेच लागली की आधी 'लागलं' कळतं आणि मग कळ येते.

ताकद आणि खबर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, यजमानांची गल्लत तिथेच होतेय. रापण ओढताना बघितलीत ना? दोराला किती ओढ आहे ते हाताला कळतं, म्हणून माणसं जोर कमी-जास्त करतात. हात बधिर करून त्याच माणसांना ओढायला लावा, दंड तेच असून जाळं वाकडं येईल. मेंदूचा हुकूम कण्यातून स्नायूपर्यंत पोचतो, पण त्याचं काय झालं हे परत आलं नाही तर लहान मेंदू दुरुस्ती कशाची करणार? इंग्लंडचा इयन वॉटरमन १९७१ साली, १९ वर्षांचा असताना, एका तापानंतर मानेखालची स्पर्शाची आणि सांध्यांची सगळी जाण गमावून बसला. स्नायू शाबूत, तरी उठून बसता येईना. पुढे प्रत्येक हालचाल डोळ्यांनी बघत बघत तो पुन्हा चालायला शिकला. आणि दिवा गेला की कोसळायचा. त्याला नाटकी म्हणाल?

आता कामाचं. मी डॉक्टर नाही, तेव्हा या आठवड्यातच त्यांना दाखवा. घोट्याला कंप पावणारा चिमटा लावतील, तळव्याला १० ग्रॅमचा नायलॉनचा धागा टेकवतील, हातोडीने गुडघा-घोटा तपासतील. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेसोबत बी १२ तपासायला तुम्ही आठवणीने सांगा. मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतली की बी १२ कमी होऊ शकतं, आणि त्याच्या कमतरतेने कण्यातली तीच मागची वाट खराब होते. ते वेळेत सापडलं तर इंजेक्शनांनी पुष्कळ सुधारतं. साखरेने मेलेल्या नसा मात्र सहसा परत येत नाहीत, पुढचं नुकसान तेवढं रोखता येतं. अंगावर बधिर चट्टा दिसला तर तोही दाखवा, ते कुष्ठरोगाचं लक्षण असू शकतं. कुष्ठरोगाचे उपचार सरकारी दवाखान्यात फुकट असतात आणि त्यात लाज कसली?

बधिर पायाला 'गरम विटेचा शेक दे' म्हणणारी एखादी काकी वाडीत असेलच. तिला चहा पाजा आणि परत पाठवा. ज्याला भाजलेलं कळत नाही त्याला शेक देणं म्हणजे जखम विकत घेणं. अंघोळीचं पाणी तुम्ही कोपराने बघून द्या. एप्रिल-मेच्या दुपारी तापलेल्या जांभ्यावर अनवाणी नको. चप्पल मागे पट्टा असलेली आणा, आणि पाय घालण्याआधी आत खडा नाही ना बघा. काठी घ्यायला लाजतील, पण काठीचं टोक जमिनीला टेकलं की हाताला ते कळतं, आणि हात अजून शाबूत असतील तर तोल सावरायला तेवढंही पुरतं. भिंतीला हात लावतात तो यासाठीच.

पडवीपासून न्हाणीपर्यंत बल्ब लावायचं काम यजमानांना द्या. लाइट गेल्यावर आपोआप पेटणारे चार्जिंगचे बल्ब मिळतात. हे काम करताना ते आईशी दोन शब्द बोलतील, न बोलले तरी बल्ब लागेल.

तुमचं जे बोलून झालं त्यावर लांबलचक माफी मागायला जाऊ नका, आपल्याकडे सासवांना ती अवघडते. संध्याकाळी दिव्याखाली बसा, त्यांचे पाय मांडीवर घ्या आणि तळवे, बोटांच्या बेचक्या नीट बघा. फोड, चीर, काटा, काही आहे का? त्यांना स्वतःला वाकून दिसत नाही आणि लागलं तर कळतही नाही, तेव्हा हे रोज कोणीतरी करायलाच हवं. पहिल्या दिवशी पाय ओढून घेतील. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसा.

आणि जत्रांचा हंगाम अजून संपलेला नाही. शेजारच्या गावच्या जत्रेला घेऊन जा, बॅटरी मात्र त्यांच्याच हातात द्या, म्हणजे उजेड त्यांच्या पावलांवर पडेल. पुढे खुर्ची मिळते का बघा. दशावताराचा खेळ संपेपर्यंत जागतात की नाही ते मला कळवा, आणि बी १२ चा आकडाही.

— मावशी